आंबोण

बहला गावाबाहेर, डोंगराच्या उघड्या बरगड्यांखाली
खलफान बिन सैफची पशुखाद्याची गिरणी.
खजूर डब्यात बसून शहरात जातो.
आमच्याकडे येतं ते मागं उरलेलं :
आठळ्या, झावळ्यांच्या शिरा, पाक काढलेला चोथा.
घामावर भुसा बसतो. दुपारपर्यंत
मी, गुलजमान आणि केरळचा बिजू
एकाच रंगाचे.

मार्चात शेळ्यांनी तोंड फिरवलं.
हुंगायच्या, बाजूला व्हायच्या.
करडांना हगवण.
मस्कतहून डॉक्टर आला,
तंतू किती टक्के ते कागदावर लिहून गेला.
मी झाडत होतो. झाडता झाडता बोलून गेलो :
मालक, कोरडं नका देऊ.
आठळी भरडा, रात्रभर भिजवा,
वर पाकाचा हात फिरवा, झाकून ठेवा.
तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला की मगच.
आणि पिल्लांना नको. थोराडांना.
ज्यांचं आतडं जगाला सरावलंय त्यांना.

खलफानने विचारलं, तुझ्या घरी शेळ्या होत्या?
होत्या, म्हटलं.
किती?
सतरा.

सतरा होती. आकडा खरा.

करमाळ्याच्या अलीकडे, बाभळीच्या काटेरी कुडात,
काळी, राठ केसांची,
चिखल पांघरून ऊन परतवणारी.
आई तुराट्यांच्या पाट्या विणायची.
पाटी देऊन पैसे नाही घ्यायची, कोंडा घ्यायची,
शेंगांची टरफलं, गुऱ्हाळामागची चिपाडं.
रांजणात दाबून, वर फुटकं ताट.
लोक नाकाला पदर लावून जायचे.
मग अंधार पडल्यावर त्यातलाच एखादा यायचा
हळू आवाजात वजन विचारायला.
शाळेत गुरुजींनी बापाचा धंदा विचारला
तेव्हाही मी म्हटलं होतं, शेळ्या.
दोन्ही देशांत ती एकच शेळी कामाला आली.

खलफान वाईट माणूस नाही.
खरं सांगितलं असतं तरी हाकललं नसतं बहुतेक.
फक्त चहाचा पेला वेगळा झाला असता, कदाचित.
वेगळा पेला मला लांबून ओळखू येतो.

तिसऱ्या दिवशी पिंपाचं झाकण काढलं.
बिजू दोन पावलं मागं सरला. मी वाकलो.
नाकात थेट आमचा रांजण.
शेळ्यांनी मानेपर्यंत तोंडं घातली
आणि खलफानने सगळ्यांदेखत
माझ्या भुसकट पाठीवर थाप मारली.

रात्री आईला फोन केला. धुरपदाबाई
खोकला येईस्तोवर हसली.
आरं, शेळीला चार पोटं! तिला खाऊ घालायला
काय अक्कल लागती व्हय?
डुकराला एकच. पडंल ते धसकट
त्या एकातच घालायचं, दाबायचं, मुरवायचं,
आन् वर चरबी धरून दाखवायची.
तुझ्यासारखं, म्हणाली, आणि
लाइन गेली. की तिनंच ठेवला, कळलं नाही.

सकाळी चाळणीवर आठळ्या खडखडत होत्या.
खलफान कहावा घेऊन आला, त्याच्याच किटलीतला.
सगळ्यात मोठीचं नाव काय होतं, त्यानं विचारलं.
चंद्री, म्हटलं.
हेही खरं.