तारीख नसलेली बरणी

गुरुवारी दुपारी दोन ते चार
मी चर्चमागच्या हॉलमध्ये तारखा वाचते.
बीन्सचे डबे, पास्ता, टिकाऊ दूध.
उलटून गेलेलं डावीकडच्या खोक्यात.
चष्मा लागतो. तारीख इतकी बारीक छापतात,
जशी कंपनीलाच तिची लाज वाटते.

बाहेर लिंकनशायर, पोळपाटासारखं सपाट.
कोबी, कालवा, परत कोबी.
बोस्टनच्या उंच मनोऱ्याला इथं स्टंप म्हणतात,
म्हणजे खुंट.
कुणाला कशाची लांबी कळते!

स्तोयांका आज रांगेत नव्हती.
बाजूने आली, हातात जड पिशवी,
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा बरण्या.
'घ्यायला नाही आले,' म्हणाली.
लाल मिरच्या, निखाऱ्यावर भाजून, सोलून,
टोमॅटोत आटवलेल्या. दोन दिवस ढवळल्या होत्या.

गेल्या मार्चपर्यंत ती कोबीच्या पॅकहाउसमध्ये होती.
मग यंत्र आलं, नजरेनं वजन करणारं.
पट्ट्यावर बत्तीस बायका होत्या, चार उरल्या,
त्याही यंत्राचे डोळे पुसायला.

'हे मी एकदा पाहिलंय,' ती सांगते,
विदिनकडची तिची इंग्रजी आणि बार्शीची माझी,
मधे जे सांडतं ते हाताने उचलायचं.
'शेती सरकारची होती. एका वसंतात कुणाचीच नव्हती.
गोठ्याची आधी कौलं गेली, मग दारं, मग गाई.
सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात पावाचा भाव
सकाळी वेगळा, दिवे लागल्यावर वेगळा.
आधी खिशात पैसे होते, दुकानात काही नव्हतं.
मग दुकान भरलं.
दोन्ही वेळा आई तळघरातच उतरली,
बरणी आणायला.

टीव्हीवर टायवाला माणूस रोज सांगायचा,
हे संक्रमण आहे, आपण पूल ओलांडतोय.
बाबा म्हणायचे, बरं,
पुलावर चूल कुठं मांडायची तेवढं सांग.'

मी तिला भिंतीवरचा कागद दाखवला,
प्लॅस्टिकमध्ये घातलेला, नियम सातवा:
घरी केलेलं घेता येत नाही.
लेबल नाही, घटक नाहीत, तारीख नाही.
वाचताना माझाच आवाज मला परका वाटला.
माझ्या फ्रिजवर कैरीचं लोणचं आहे,
वर तेल तरंगतंय तोवर चांगलं,
आमच्या घरात एवढाच कायदा.

ती भांडली नाही.
पाच बरण्या परत गुंडाळल्या.
सहावी नेऊन ठेवली चहाच्या टेबलावर,
जिथं रांगेतली माणसं नंबर येईपर्यंत बसतात,
आणि चमचा मागितला.
चहाच्या टेबलाबद्दल नियम काही म्हणत नाही,
मी दोनदा वाचून पाहिलं.

क्लाइव्हने पहिला घास घेतला.
वाटाण्याच्या कॅनरीत एकोणीस वर्षं काढलेला माणूस,
ती बंद झाली तेव्हा यंत्रं सुटी करून
पूर्वेकडे कुठंतरी पाठवली गेली,
पेट्यांवर पत्ता त्यानेच लिहिला होता,
उच्चार मात्र जमला नाही म्हणतो.
पावावर लाल थर, जीभ फिरवली,
'मीठ कमी आहे,' म्हणाला,
आणि दुसरा तुकडा उचलला.
मग एक बाई, बाबागाडीसकट.
मग तिचा थोरला, बोटानेच.

चारला टेबलं मिटली.
मी बरणी गरम पाण्याने धुतली,
सवयीने उलटी करून बुडाशी तारीख शोधली.
काच होती, काचेतून सिंक दिसत होतं.

'टाकू नकोस,' स्तोयांका दारातून म्हणाली,
'झाकणसुद्धा.
ऑगस्टमध्ये लागेल.'