तीनशे बारा केबी

पूर्वी मी सगळंच पाठवायचो.
फॅटच्या रकान्यात एक टिंब सरकलं
तरी आठशे एमबीचा अख्खा इन्स्टॉलर:
लोगो, लॉगिन, छपाईचे नमुने,
गेल्या तीन दिवाळ्यांचे बोनसचे तक्ते,
टिळकवाडीतल्या या खोलीतून
कणकुंबीच्या दूध संस्थेकडे, जिथे
टॉवरची एक कांडी दिसते,
तीही धुकं नसेल तर.

भरमाण्णा सेक्रेटरी फोनवर:
"उतरूलंय, काल रात्रीपासनं उतरूलंय की.
एक्केचाळीस टक्क्याला लाइट गेली,
परत शून्यातनं."
मागे कॅन आदळायचे.
कुणी बाई विचारायची, माझं फॅट किती लागलं,
आणि टेबलावरून वही ओढल्याचा आवाज.

एकदा पेनड्राइव्ह औषधाच्या पुडीत बांधून
कंडक्टरच्या हाती दिला.
तो झोपेत त्यांचं गाव ओलांडून
चोर्ल्यातनं खाली पणजीला गेला,
चौथ्या दिवशी परत आला
टोपण हरवून.

मग मीनाक्षी अंगडी आमच्यात आली नि म्हणाली,
बदललंय तेवढंच पाठवू या.
जुनं आणि नवं शेजारी ठेवायचं,
बाइटला बाइट लावून वाचायचं,
जुळतं ते सोडायचं.
उरतं ते एवढंसं.
ती त्याला तेपे म्हणते, मी ठिगळ.
खरं मला दोन्ही पटत नाहीत.
ठिगळ वरून दिसतं. हे आत जातं
आणि आतलंच होऊन बसतं.

याला अट मात्र आहे.
अख्खं पाठवताना पलीकडे काय आहे
ते विचारावं लागत नाही,
सगळ्यावरून एक हात फिरवला की झालं.
थोडकं पाठवायचं तर
पलीकडचं कानाकोपऱ्यासकट ठाऊक हवं,
कुणाचं काय राहिलंय,
मागच्या महिन्याचं कुणी घेतलंच नाही.
भिंतीवर आम्ही चौतीस संस्थांची यादी डकवली:
गुंजी ४.२.१, नंदगड ४.२.३,
जांबोटी, विचारणे.

सगळ्यात लहान ठिगळ तीन बाइटचं होतं.
पावतीच्या माथ्यावर जिल्ह्याचं नाव,
बेळगाव.
त्याच्या शेवटच्या व-ला एक वेलांटी.
चौतिसांनी घेतलं, कणकुंबीनेही.
कुणाचा फोन आला नाही.

जुलैत दर बदलले.
तीनशे बारा केबी पाठवले.
तेहतीस ठिकाणी बसले.
कणकुंबीहून उत्तर: मूळ फाइल जुळत नाही.
तीनदा पाठवलं, तीनदा तेच.
शेवटी त्यांच्याकडची फाइलच मागवली,
मीनाक्षीच्या शेजारी बसून उघडली.
तीन बाइट कमी.
कुणीतरी हाताने वेलांटी काढली होती.
बाकी एका स्वल्पविरामालाही धक्का नव्हता.

मी मीनाक्षीकडे पाहिलं नाही.
ती पडद्याकडे पाहत राहिली,
पंख्याने यादीचा एक कोपरा
उचलला, टेकवला, उचलला.
इरली, म्हणाली. राहू दे.
मग त्या एका गावासाठी
तिनेच वेगळं ठिगळ काढलं,
वेलांटी नाही असं धरून चालणारं.
यादीत कणकुंबीपुढे
कन्नडात दोन शब्द लिहिले.
मला वाचता येतात.
मोठ्याने वाचले नाहीत.

चाळीस सेकंदांनी फोन.
मागे कॅन, पाऊस, कुणाचं तरी कुत्रं.
भरमाण्णा म्हणाले, बसलं की.