निळा पट्टा

सगळे विचारतात, आयफेल टॉवर पाहिला का.
नाही ओ. मी माग सोडवायला गेलो होतो
पोर्तुगालच्या खालच्या अंगाला, आलेंतेजु म्हणतात त्याला.
बंद पडलेली गिरणी, चार जकार्ड माग,
शेठनं नुसत्या फोटोवर घेतलेले.
सोबत पाने, खडू, आणि अंबूनं बांधून दिलेली
अकरा दिवसांची शेंगाचटणी.

एव्होरापर्यंत रेल्वे. पुढं बस, दिवसातून दोनदा.
खिडकीतून बघतोय तर
कापणी झालेलं रान, नजर जाईल तिथवर पिवळं,
मध्येच एखादं झाड, साल सोललेलं,
बुंध्यावर वर्षाचा आकडा रंगवलेला.
ऊन त्रेचाळीस.
शेजारी कुणी नव्हतं, नाहीतर म्हणालो असतो,
होटगी आली बघा.

गावाचं नाव मोंते वेल्यो.
घरं चुन्यानं पांढरी, आणि जोत्यालगत
हातभर निळा पट्टा.
कुलूप लागलेल्या घरांनाही.
दुपारी एक कुत्रं. चर्चच्या सावलीत एक बाक,
बाकावर चार म्हातारे, टोप्या घातलेले.
मी हात जोडले. चौघांनी सरकून जागा केली,
जणू पाचवा कधीतरी येणारच होता.

किल्ली इदालिनाबाईंकडं. वय अठ्ठ्याहत्तर,
त्यातली चाळीस वर्षं याच मागांवर.
तिची भाषा मला येईना, माझी तिला.
मराठीत बोललो, तेलुगूत बोललो,
शेवटी तुटलेलं सूत पुढं केलं.
तिनं एका हातानं गाठ मारली.
मीपण मारली.
दोन्ही ओढून पाहिल्या तिनं,
आणि माझी सैल म्हणून परत मारायला लावली.

रात्री जेवायला शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर गरम पाणी,
ठेचलेला लसूण, मूठभर कोथिंबीर.
म्हटलं, बाई, हा तर आमच्याकडचा काला,
फक्त भाकरी नाही.
चटणीची पुडी सोडली. तिनं बोट लावलं, ठसका लागला,
डोळे पुसले,
आणि पुडी आपल्या बाजूला ओढून घेतली.

रविवारी शेजारच्या गावाला चालत गेलो. सहा किलोमीटर.
तिथं बाकावर तीन म्हातारे.
त्याच्या पुढच्या गावात नुसताच बाक.

निघायच्या दिवशी लिस्बनच्या भाचीला फोनवर धरून
तिनं विचारवलं,
तुमच्या गावात तरणी पोरं शिकतात का हे काम?
मी म्हणालो, येस, येस. मेनी.
आमचा श्रीनिवास पुण्यात पार्सलं वाटतो
ते नाही सांगितलं.

माग आले. बोटीनं न्हावाशेवा, मग ट्रक,
मग अक्कलकोट रोडची एमआयडीसी.
तीन चालले. चौथा मोडून त्याचे सुटे भाग ठेवले.
आता त्यांच्यावर मोराच्या चादरी निघतात.
एका पत्र्याच्या आत पेन्सिलीच्या रेघा आहेत,
पाच-पाचच्या जुड्या.
पगार मोजला, घोंगड्या मोजल्या, का दिवस, कळत नाही.
शेठ म्हणाला, रंग मार. मी बाहेरूनच मारला.

काल कारखान्याला सुट्टी.
विडी घरकुलात दुपारचे दोन, आवाज म्हणून नाही.
आमच्या रांगेत दोन घरांना कुलूप,
कोंडा भिवंडीला गेले, म्याकल पोरीकडं हैदराबादला.
पिंपळाखालच्या कट्ट्यावर नरसय्या, इरेशम आणि त्यांच्या जोडीचे.
मी मोजलं नाही.
इरेशमनं हाक मारली, ये की बे, जागा आहे.
म्हटलं, नंतर.

दुकानातून निळीच्या पुड्या आणल्या, चुन्यात कालवल्या,
आणि जोत्यालगत पट्टा ओढायला उकिडवा बसलो.
अंबू सुपात विड्या वळत होती.
काय ओ हे?
माश्या येत नाहीत म्हणे.
तिनं सुपावरची एक माशी हाकलली,
भिंतीकडं बराच वेळ पाहिलं.
म्हणाली, त्या कोपऱ्यात राहिलंय बघा.