आयिनची ओळ

लीड्समध्ये जुलै संपत आला
की नऊ वाजून गेले तरी उजेड हटत नाही.
उपास सुरू झालेला. आम्ही सगळे जमिनीवर,
चामडं चालत नाही म्हणून पायांत कॅनव्हासचे बूट.
माझे गुडघे कुरकुरतात.

फायवल झेल्किन चाळीस वर्षं
कारखान्यात कोटांना बाह्या लावायचे.
त्यांच्या विलापाच्या पोथीत शेवटी एक कोरं पान होतं,
तिथं पेन्सिलीनं त्यांनी आपल्या गावाचं रडणं लिहिलं:
आलेफपासून तावपर्यंत, बावीस अक्षरं, बावीस ओळी.
"अक्षरं संपतात," म्हणायचे,
"म्हणून जुन्यांनी दुःख वर्णमालेत बसवलं.
नाहीतर दुसऱ्या दिवशी उठून जेवलं कोण असतं?"

मी रेवदंड्याची, सिओना चेऊलकर.
शनिवारी आमचा घाणा बंद, म्हणून आम्ही शनवार तेली.
गावानं ठेवलं ते एवढंच नाव. दार कुणी जाळलं नाही.
हे त्यांना सांगताना मी ओशाळले होते,
परक्याच्या मयताला जावं नि रडूच येऊ नये, तशी.
"वा!" ते म्हणाले. "मग तूच वाच.
माझा आवाज फाटतो."

पोथीत यॉर्कही आहे. इथून पंचवीस मैल.
ती पानं मेणानं चिकटलेली, मी नखानं सोडवते.
आठशे वर्षांपूर्वीचा मनोरा, बाहेर जमाव, आत माणसं.
हे बूट मी तिथूनच घेतले, गेल्या मंगळवारी,
सवलतीत.

मग शेवटचं पान.
सामेखनंतर आयिन यायला हवं. आयिन म्हणजे डोळा.
पण त्यांनी आधी पे लिहिलंय. पे म्हणजे तोंड.
ही चूक नव्हे, जुन्या विलापातही कुठे कुठे असंच उलटं आहे.
तोंड बोलत सुटतं,
डोळा मागे राहतो, दारात, काय बघितलं ते धरून.

आयिनपुढे ओळच नाही. नुसतं अक्षर,
चार वेळा खोडलेलं, कागद तिथं पातळ झालाय.
त्यापुढचं सगळं भरलेलं,
बाहीच्या शिवणीसारखं एकही टाका न चुकवता.
"तेवढी राहिली," म्हणाले होते, "भरीन."
वल्हांडणानंतर आठवड्यात गेले.

तिथं काय वाचायचं, रब्बींनी मला विचारलं.
मी म्हटलं, इथं तुम्ही आयिनला आवाज कुठे देता?

म्हणून तिथं आम्ही थांबतो.
कुणाच्या तरी बागेत पोरं अजून खेळताहेत,
चेंडू भिंतीवर आपटतो, पुन्हा आपटतो,
कुणी त्यांना आत बोलावत नाही.

मी बोट पुढच्या ओळीवर ठेवते.
त्सादे.