गुंजेहून कमी

जांभळी नाक्यामागच्या सराफांच्या बोळात
माझा बाप केर विकत घ्यायचा.
खरंच. दुकान झाडून निघालेला केर,
बैठकीखालचं गोणपाट, मोरीतला गाळ,
सगळ्याचा दिवाळी ते दिवाळी मक्ता.
आम्ही झारेकरी.
शाळेत कुणी विचारलं तर मी सांगायचे,
बाबांचा सोन्याचा धंदा आहे.

खारकर आळीतल्या खोलीमागे, नळाखाली,
तो पाटी हेलकावत बसायचा.
माती जायची, राख जायची, लाखेचे कपचे जायचे,
तळाशी एक काळी रेघ उरायची.
तिच्यात पारा सोडून तळहाताने मळायचा,
भाकरीचं पीठ मळतात तसा.
मग फडक्यातून पिळून आगीवर धरायचा
आणि आम्हाला म्हणायचा, धुरात येऊ नका.
स्वतः तिथेच.

आता मी महापेला.
एमआयडीसीत, टायरच्या गोदामाला लागून,
तिसऱ्या मजल्यावर आठ टेबलांची लॅब.
मेहेरुन्निसा मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
भांडी घासणं हेच इथलं निम्मं काम.
आम्लराजाने काच धुवायची, मग पाणी, मग परत पाणी.
मला हसू आलं. आम्लराज!
आमच्याकडे त्याला नुसतं तेजाब म्हणायचे,
लोणच्याच्या जुन्या बरणीत असायचं.

सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी
गरगरत उकळतं.
त्यात सायट्रेट, एका दमात.
पिवळं जातं. क्षणभर काहीच नाही.
बाप असता तर म्हणाला असता, गेलं, वाहून गेलं.
मग करडं. मग दौतीतल्या शाईसारखं. मग जांभळट,
आणि माझा चहा निवायच्या आत
कोकमाच्या आगळासारखं लाल.
हे सोनं.
केसाच्या जाडीत असे चार-पाच हजार कण
ओळीने बसतील.
पाटी कितीही हेलकावा, तळाशी येणार नाहीत.

हेच लाल पुढे कागदी पट्टीवर रेघ होऊन उमटतं.
डेंग्यू आहे, नाही. दिवस गेलेत, नाहीत.
घणसोलीच्या एखाद्या न्हाणीघरात, कडी लावून,
कुणी त्या रेघेकडे बघत उभी असते
आणि सोनं बघतोय हे तिला माहीत नसतं.
शेजारच्या टेबलावर हेमकांत चांदीचे कण करतो,
भाजलेल्या जखमांच्या पट्टीसाठी.
त्याचं पाणी हळदीचं.
आमच्याकडे चांदी पिवळी, सोनं लाल.

मार्चात बापाला घेऊन गेले, रविवारी, मॅडमना विचारून.
चंबू हातात दिला. हात थरथरतो त्याचा,
सात-आठ वर्षं झाली. लाल पाणी काचेवर चढत उतरत राहिलं.
किती आहे यात?
अर्ध्या गुंजेचा दहावा हिस्सा, म्हटलं.
बराच वेळ तो ते खिडकीच्या उजेडात धरून होता.
धुतलेलं पाणी कुठे टाकता?
मी कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. महिन्याला गाडी येते,
तळोज्याला नेते.
मक्ता कुणाचा? त्याने विचारलं.

मॅडमचं एक काम अजून कच्चं आहे.
तेच लाल पाणी, पण असं बांधलेलं
की पारा भेटला तर निळं व्हावं.
कच्चं अशासाठी, की मीठ लागलं तरी निळं होतं,
घाम लागला तरी.

परवा घरामागच्या नळाखालची माती
फिल्मच्या डबीत भरून आणली,
भिजवली, गाळली, वरचं पाणी थेंबभर सोडलं.
बाप सकाळी दारात उभा राहून विचारत होता,
केर कितीला दिलास?

निळं झालं.
वहीत लिहिलं: बहुधा घाम.
दुसरी कुपी अजून लाल आहे, झाकण लावलेली.
आज सोमवार. मी काच धुते आहे.