चौथी बरणी

पाषाणच्या लॅबमध्ये, खिडकीपाशी, चार बरण्या.
हर्णैच्या खडकावरून भावानं खरवडलेलं हिरवं शेवाळ
बर्फाच्या डब्यातून, रात्रीच्या एसटीनं आलं.

पहिल्या बरणीत समुद्राइतकं मीठ,
चौथीत जवळजवळ खडकवासल्याचा नळ.

गोडं पाणी आत शिरतं, पेशी टरारून फुगते,
फुटू नये म्हणून
साठवलेलं एकेक सोडून देते.
वहीत मी नुसते आकडे लिहिते.

दुपारी झाकण उघडलं
आणि अख्ख्या मजल्यावर
ओहोटीचा वास.

‘कसला गं हा?’ टिळेकर मॅडमनी नाकाला रुमाल लावला.
म्हटलं, काही नाही,
मीठ सुटतंय त्याचं.

अकरा वर्षं इथलं पाणी पितेय.
आमटी माझी
अजून खारटच होते.