सळईला कान लावून

रात्री एक ते साडेतीन.
महापालिकेची सळई, साडेचार फुटी,
वरच्या टोकाला पितळी वाटी, कानाएवढी.
डांबरावर टेकवायची, वाटीला कान लावायचा
आणि श्वास धरायचा.
एवढंच काम. बावीस वर्षं.

आग्रीपाड्यापासून माझगावपर्यंत
रस्त्याखाली काय चाललंय ते मला
रस्त्यावरच्यापेक्षा जास्त ठाऊक.
निरोगी लाइन गप्प नसते,
दमून झोपलेल्या माणसासारखी एका लयीत घोरते.
गळकी लाइन सी-सी करते,
जीभ भाजलेल्या पोरासारखी.

घरतमास्तरांनी शिकवलं हे. विडी विझवून म्हणायचे,
"आधी तुझा आवाज बंद कर, विश्राम.
मग हिचा येईल."
मला वाटायचं, बोलू नको म्हणतायत.
मी तर बोलतच नव्हतो.
कुठला आवाज, ते कळायला फार वर्षं गेली.

डॉकयार्ड रोडला एकदा
एवढा मोठा आवाज, की खडूनं फुली मारली डोळे झाकून.
सकाळी जेसीबी. सहा फूट खड्डा.
कोरडी माती, एक गंजका नट,
आणि वर काठावर वाकलेले साहेब.
पाणी गळत होतं चाळीस फुटांवर, चढाकडे,
एका बंद बेकरीच्या पायरीखाली.
मास्तर हसले नाहीत.
"आवाज मोठा तिथंच भोक, असं नसतं.
लोखंड आवाज वाहून नेतं."

त्याच वर्षी आमचा हर्षल
भांडून नालासोपाऱ्याला राहायला गेला.
मी घरात खेकसायचो,
मिठावरून, टीव्हीवरून, दाराच्या कडीवरून.
रोज तिथंच खणायचो.
रोज कोरडी माती.

तेव्हापासून हे लागलं.
ड्यूटी झाली की भंडारवाड्याच्या टेकडीवर चढतो,
वॉचमन ओळखीचा आहे.
खाली जलाशय, वर गवत, समोर गोदीचे दिवे.
दहा मिनिटं बसतो.
माळ नाही. आईचा एक श्लोक येतो, तोही अर्धा.
दिवस उलटा चालत जातो, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबत.
इथं खोटं बोललो.
इथं मुकादमाच्या बढतीनं पोटात जळलं.
इथं बाई पत्ता विचारत होत्या, थांबलो नाही.
घाई कसली होती?
लगेच फुली मारत नाही.
मागं सरकतो, चढाकडे.

बहुतेक पहाटे काही सापडत नाही.
डास सापडतात. डुलकी लागते.
एका पहाटे मात्र हर्षल सापडला,
सातवीतला, गॅलरीत उभा,
चित्राची वही पुढं धरून,
आणि मी बूट घालता घालता म्हणालो होतो, नंतर.
बस. सुईएवढं भोक.
पंधरा वर्षं गळत होतं.

त्याच रविवारी फोन केला. वहीचं काढलं नाही.
विचारलं, तुमच्याकडं पाणी कधी येतं रे?
म्हणाला, दिवसाआड, बाबा.
मग दोघंही गप्प, बराच वेळ.
मी सवयीनं श्वास धरला.
सी-सी नव्हती.

देवाबद्दल मला विचारू नका.
चारला झडप उघडते,
टेकडीच्या पोटात काहीतरी कूस बदलतं,
पाणी खाली निघतं.
कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर कुणी झोपेतच हंडा सरकवतं.
तिला माझं नाव माहीत नाही, मला तिचं.
हंड्यात पडतं ते मी दिलेलं नाही.
वाटेत सांडू दिलं नाही, तेवढं माझं.

चपला झटकून उतरतो.
उद्यापासून नवा पोरगा येतोय हाताखाली.
फार बोलतो म्हणे.